६ फूट २ इंच माणूस आणि जुनी स्पोर्ट्स कार: आधी पाट काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुक्काम दारव्ह्याकडे, उंची ६ फूट २ इंच, वजन ९८ किलो, बूट ११ नंबरचा. शनिवार-रविवारी चालवायला जुनी, दोन सीटची, टप उघडणारी गाडी घ्यायची आहे. एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर आणि एमजीबी, या तिघी जुन्या ब्रिटिश गाड्यांवर डोळा आहे. कोणती घ्यावी, आणि बसणं जमेल का?

मिजेट सोडा भाऊ. ती काही वाईट गाडी नाही, उलट तिघींत तीच जास्त गोड. पण मी ६ फूट १ इंच, ९२ किलो, आणि त्या गाडीत अडकून बसलेला माणूस आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी एक मिजेट पाहायला पुण्याला गेलो होतो. मालक सज्जन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पुसून, टप उघडून ठेवलेली. मी बोलेरोत चढावं तसा डावा पाय आधी आत टाकला. पाय स्टीअरिंगखाली गेला, बाकीचा मी बाहेरच. आधाराला काचेची फ्रेम धरली, तर मालक हळूच म्हणाले, "तिला नका धरू, वाकते." कसाबसा बसलो. क्लच दाबायला गेलो तर बुटाची कड ब्रेकवर. डावा गुडघा स्टीअरिंगला टेकलेला, स्टीअरिंग फिरवलं की बोटांची हाडं मांडीवर घासायची. आणि डोळ्यांच्या बरोबर समोर काचेच्या फ्रेमची वरची पट्टी. रस्ता पाहायचा तर मान खाली घालायची, जसं काही कोणी रागावतंय. मग टप लावून पाहिला. कापड डोक्याने वर उचललं गेलं, बाहेरून तंबूच्या खांबासारखं दिसत असणार. उतरताना तर आधी दोन्ही हात फरशीवर टेकले, मग गुडघे, मग उभा राहिलो. मालक तेवढा वेळ भिंतीकडे पाहत होते. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घरी येऊन बाबांना मोबाईलवर फोटो दाखवला. ते म्हणाले, "काऊन रे, एवढ्या पैशात अर्धीच गाडी भेटते काय?"

यात कमीपणा मानू नका. १९६१ मध्ये जॅग्वारची ई-टाइप आली, जगाने डोक्यावर घेतली, आणि पाठोपाठ उंच गिऱ्हाइकांसाठी कंपनीला पायाखालचा पत्रा खोल करावा लागला. सुरुवातीच्या सपाट तळाच्या गाड्या आज संग्राहक जास्त पैसे देऊन घेतात, पाय दुमडून. फोर्डच्या जीटी४० या शर्यतीच्या गाडीच्या नावातले ४० म्हणजे तिची उंची, इंचात. डॅन गर्नी हा ड्रायव्हर इतका उंच की १९६७ च्या फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीत त्याच्या हेल्मेटसाठी गाडीच्या टपाला फुगवटा काढला, आणि शर्यत त्याच गाडीने जिंकली. तुमच्या-माझ्यासाठी कोणी फुगवटा काढणार नाही, म्हणून माप आपणच घ्यायचं.

उभं राहून घेतलेली उंची इथे कामाची नाही. दोन माणसं सारख्याच उंचीची असतात, एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब, आणि एकाच गाडीत पहिल्याचे गुडघे अडतात, दुसऱ्याचं डोकं. घरातला जेवायचा पाट घ्या. भिंतीला पाठ टेकून त्यावर बसा, पाय सरळ समोर करा. भिंतीपासून तळव्यापर्यंत किती, पाटापासून डोक्यापर्यंत किती, पाटापासून डोळ्यापर्यंत किती, आणि मांडीची जाडी किती, हे चार आकडे कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या. मग गाडी पाहायला जाताना तोच टेप खिशात. सीट पूर्ण मागे करून पाठीपासून दाबलेल्या क्लचपर्यंतचं अंतर, गादीपासून टपाच्या आडव्या दांड्यापर्यंतचं, गादीपासून काचेच्या वरच्या पट्टीपर्यंतचं, आणि गादी व स्टीअरिंगच्या खालच्या कडेमधली फट. हे चार त्या चारांशी ताडून पाहा. पायाचं माप थोडं कमी भरलं तर चालतं, गुडघा वाकलेलाच बरा. डोळ्याचं माप मात्र ओढाताण करून जमवू नका. पट्टीच्या खालून किंवा वरून, नजर एकीकडे मोकळी हवी.

आकडे जुळले तरी मालकाला सांगून अर्धा तास नुसते बसून राहा, टप लावून. चेष्टा वाटेल, वाटू द्या. पहिल्या दहा मिनिटांत आनंदामुळे काही दुखत नाही, खरी गाडी तिसाव्या मिनिटाला कळते: कंबर, उजवी मांडी, आणि क्लच न दाबता डावा पाय ठेवायला जागाच नसेल तर ती पोटरी. बूट रोजचेच घाला. पुढे गाडी घेतलीत तर तिच्यासाठी पातळ सोलचे, अरुंद कॅनव्हासचे बूट वेगळे ठेवा. आपल्याकडे चपलेवर गाडी चालवायची सवय असते, ती इथे सोडावी लागेल. जवळजवळ बसवलेल्या पेडलांत चप्पल अडकली की मग देवच.

आत जाण्याची रीतही उलटी आहे. गाडीकडे पाठ, बूड आधी सीटवर, मग दोन्ही पाय एकेक करून आत. उतरताना पाय आधी बाहेर, हात दाराखालच्या कडेवर, काचेच्या फ्रेमवर नाही. हे पुण्याला जायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता उरलेल्या दोघी. एमजीबी १९६२ ते १९८० निघाली, १७९८ सीसीचं इंजिन, आणि त्या काळच्या लहान स्पोर्ट्स गाड्यांत लंब्या पायांना तिच्याइतकी जागा देणारी क्वचित. तुमच्या मापाला तिघींत तीच. मात्र तिला वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही, दाराखालच्या पत्र्यावरच सगळी ताकद आहे. तो सडून वरून पुट्टी मारलेली असेल तर गाडी मधून वाकते. खिशात लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून दाराखालून फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी आहे.

स्पिटफायर पाय लांब करून बसायची गाडी, मिजेटपेक्षा बरी, पण टप लावल्यावर तुमचं डोकं टेकेलच. उन्हाळ्या-पावसाळ्यात टप लावणार नाही असं तुम्ही म्हणाल, आणि पहिल्याच मृगाच्या सरीत लावाल. स्टीअरिंगचा दांडा क्लँप ढिला करून थोडा मागेपुढे होतो, हा तिचा फायदा. बोनेट आख्खं पुढे उघडतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं.

आणि इथे मी तुम्हाला चौथी गाडी सुचवतो, जी तुम्ही विचारलीच नाही. मी शेवटी घेतली ती दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. स्पिटफायर निघाली ती हेराल्डच्याच चेसिसवरून, दोघींचा आकार काढणारा इटलीचा मिकेलोत्ती हा एकच माणूस. फरक इतकाच की हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती, म्हणून ती आपल्याकडे सापडते, तिचे सुटे भाग माहीत असलेले म्हातारे मिस्त्री अजून सापडतात, आणि कागद इथलेच असतात. ९४८ सीसी, पळायला गरीब. पण दोन दारांची हेराल्ड अशी अरुंद गल्लीत वळते की रिक्षावाले पाहत राहतात, आणि बाबा तिच्यात स्वतःहून बसतात. स्पोर्ट्स कार म्हणणार नाही मी तिला. सकाळी साडेपाचला धामणगाव गढी सोडून चिखलदऱ्याच्या घाटाला लागलो, की त्या शब्दाची गरजही पडत नाही.

तीही मला जशीच्या तशी बसली नव्हती. डोकं टपाला लागायचं, म्हणून परतवाड्याला ट्रॅक्टरच्या सीटा भरणाऱ्या कुशनवाल्याकडे गेलो. त्याने गादी उलटी केली, खालचे रबरी पट्टे कधीचे मेलेले, गादी नुसत्या फोमवर तरंगत होती. त्याने खाटेची नवार ताणून विणली आणि मला म्हणाला, "फोम किती काढू?" मी म्हटलं, मागून दोन इंच. चूक माझी. बूड खाली गेलं, डोकं सुटलं, आणि गुडघे वर येऊन स्टीअरिंगला भिडले. दुसऱ्या फेरीत पुढूनही इंचभर काढला, तेव्हा मांडी सुटली. म्हणजे डोक्यासाठी मागून, मांडीसाठी पुढून, आणि दोन्हीकडून थोडं थोडं. काढलेला फोम परत लागत नाही. मग सीटची रेल दोन इंच मागे घेतली. हे करताना नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट कसू देऊ नका. खालून जाड लोखंडी पट्टी घाला, कारण जोरात ब्रेक लागला की तुमचे ९८ किलो त्या चार बोल्टांवर येतात. लहान स्टीअरिंग हाही उपाय आहे, मांडीला जागा होते, पण पॉवर स्टीअरिंग नाही हे विसरू नका. उभ्या गाडीत वळवताना खांदे भरून येतात.

एक गोष्ट फक्त हेराल्ड-स्पिटफायरवाल्यांसाठी: पुढच्या चाकांच्या ट्रुनियनमध्ये, म्हणजे चाक ज्या सांध्यावर वळतं त्यात, गिअर ऑइल जातं, ग्रीस नाही. माझ्या गाडीत आधीच्या कोणा मिस्त्रीने वर्षानुवर्षं ग्रीस भरलं होतं, दोन्ही बदलावे लागले.

गाडी फिट बसली तरी रस्ता बसला पाहिजे. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, म्हणून डांबर नवं असलं तरी लाटा असतातच. त्यात गावागावाचे बिनरंगाचे गतिरोधक. ९८ किलोचा ड्रायव्हर, शेजारी वहिनी, आणि जमिनीपासून पाच-सहा इंचांवर सायलेन्सर, हिशेब करा. बुटक्या गाडीत बसलं की तुमची नजर ट्रॉलीच्या चाकाइतक्या उंचीवर असते. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना चालतात, आणि त्यांच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. पहाटे शेताच्या धुऱ्यावरून रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारतो तो वेगळाच. टपाच्या गाडीत तो काचेवर येतो, उघड्या गाडीत मांडीवर. म्हणून उजाडल्यावरच निघा, सीट बेल्ट नसतील तर बसवून घ्या.

उन्हाळ्यात नऊच्या आत घरी. ४५ डिग्रीत काळं रेक्झिन चटका देतं ते दुपट्टा टाकून निभावतं, पण कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नळीतच उकळतं आणि गाडी मधेच बंद पडते. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवून पंधरा मिनिटं झाडाखाली थांबणं हा जुना इलाज अजूनही चालतो. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब होतो, घेतल्याबरोबर सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाका. टाकीत महिना-महिना पेट्रोल पडू देऊ नका.

कागदाचं एक सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, २० हजार फी, ‘व्हीए’ची पाटी. दिसायला रुबाब. पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामांना. तुम्हाला दर रविवारी फिरायचं आहे. तेव्हा चालू साधी आरसी असलेलीच गाडी घ्या, पंधरा वर्षांनंतरचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं आहे का ते पाहा, आणि चेसिस नंबर स्वतः वाकून वाचा.

तर तुमच्यासाठी क्रम असा: कागद स्वच्छ आणि पत्रा शाबूत असलेली एमजीबी मिळाली तर ती. नाही तर हेराल्ड. स्पिटफायर फक्त अर्ध्या तासाची परीक्षा पास झाली तर. आमचं गाव चांदूर बाजारपासून जवळ आहे, आंबिया बहाराची संत्री तोडायला आली की मी घरीच असतो. हेराल्डमध्ये बसून पाहायचं असेल तर मेसेज टाका, पण ११ नंबरचे तेच बूट घालून या.