थ्रीडी खडक, बारा हप्ते आणि थांबवलेला प्रीमियम

प्रश्न : माझ्याकडे चार फुटी फिशटँक आहे. मागच्या काचेतून भिंत, वायरी आणि फिल्टरची नळी दिसते. काचेला चित्राची फिल्म लावू, काळा रंग देऊ, की आतून थ्रीडी खडक बसवू? विक्रेता खडकच घ्या म्हणतो. खडक, बसवणी आणि तीन वर्षांची देखभाल असं पॅकेज आहे, १२ टक्के फ्लॅट व्याजाने १२ हप्ते. एंजल माशांची जोडी आहे, पिल्लं विकून हप्ते सुटतील. हप्त्यांसाठी हात मोकळा राहावा म्हणून यंदा आरोग्यविम्याचा प्रीमियम थांबवला आहे. पॉलिसी सहा वर्षांची आहे. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात. पुढच्या वर्षी नवी पॉलिसी घेईन.

उत्तर : काळा रंग द्या. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच. आता जे विचारलं नाहीत त्याकडे वळू.

‘पुढच्या वर्षी नवी घेईन’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. नव्या पॉलिसीत मधुमेह हा ‘आधीपासूनचा आजार’ ठरतो आणि त्याचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजाराच्या खर्चाचा दावा मिळत नाही तो काळ, पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजला जातो. सहा वर्षं प्रीमियम भरून तुम्ही तो कालावधी मागे टाकलात, ती सगळी कमाई टाकीतल्या खडकासाठी सोडताय. शिवाय नवा प्रीमियम वाढलेल्या वयाचा. मधुमेह बघून कंपनी जादा आकारणी करेल किंवा सरळ नकार देईल, तेही तिच्या हातात. गोळ्यांवर आटोक्यात आहे हे डॉक्टरांना सांगायला ठीक, अर्ज तपासणारा त्याने विरघळत नाही. देय तारीख उलटून गेली असेल तर सवलतीची मुदत (उशिरा भरूनही पॉलिसी टिकते तो काळ) अजून चालू आहे का, ते आजच कंपनीला विचारा आणि चालू असेल तर प्रीमियम भरून मोकळे व्हा. पैसे कमी पडत असतील तर खडक थांबू दे.

आता ते १२ टक्के. १०० चं कर्ज धरा. व्याज १२, परतफेड ११२. पण १०० तुमच्याकडे वर्षभर राहतात कुठे? दर महिन्याला मुद्दलातले आठ-साडेआठ परत जातात. वर्षाची सरासरी काढली तर तुम्ही जेमतेम ५४ वापरलेत आणि त्यावर १२ मोजलेत. म्हणजे खरा दर २२ च्या घरात. ‘फ्लॅट’ हा शब्द दिसला की आकडा दुपटीच्या आसपास धरायचा, मी तरी तसंच करतो. आणि या कर्जात तीन वर्षांची देखभालही आहे. तिसऱ्या वर्षी कोणीतरी येऊन पाणी बदलणार, त्याचं व्याज तुम्ही पहिल्याच वर्षी भरून टाकणार. दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदलणं आणि काच पुसणं, एवढ्यासाठी करार कशाला?

पिल्लांचं म्हणाल, तर एंजल सुरुवातीला बरेचदा आपली अंडी आपणच खातात. जगली तरी त्यांना वेगळी टाकी आणि रोजचं बारीक खाद्य लागतं. त्या हिशोबावर हप्ता ठरवू नका.

खडक तसाही तुमच्या टाकीला महागच पडला असता. चार फुटी टाकी १२० × ४५ × ४५ सेंटीमीटर धरली तर साधारण २४० लिटर. सरासरी ५ सेंटीमीटर जाडीचा खडक २७ लिटर खातो, म्हणजे नववा हिस्सा. फोमचा असेल तर तो तरंगू पाहतो, म्हणून टाकी रिकामी आणि कोरडी करून बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने चिकटवावा लागतो. सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत मासे दुसरीकडे. कडेला फट राहिली तर मासा मागे अडकतो, घाणही तिथेच साचते.

फिल्म वाईट नाही. पण नुसती चिकटपट्टीने लावली की काच आणि फिल्ममध्ये हवा राहते, समोरून चांदीसारखे डाग चमकतात. बाहेरच्या बाजूला काच पुसून ग्लिसरीनचा पातळ थर द्या, फिल्म ठेवा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून कडांकडे रेटत हवा काढा. एक बुडबुडा हमखास राहतो, आणि नेमका डोळ्यांसमोर.

माझ्या टाकीमागे मात्र काळा रंगच आहे. बाकीच्या काचांना कागद लावून झाका आणि मागच्या काचेला बाहेरून मॅट काळ्या अ‍ॅक्रिलिकचे रोलरने दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. पहिला हात चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो, घाबरू नका. वायरी गायब होतात आणि माशांचा रंग उठून दिसतो. कंटाळा आला तर ब्लेडने खरवडून निघतो. टाकी भिंतीला टेकलेली असेल तर भरलेली सरकवू नका, नुसतं पाणीच २४० किलो आहे.

पॅकेजवर सही केली आहे की नाही, ते पत्रात नाही. केली असेल तर करारातलं रद्द करण्याचं कलम मला पाठवा.