आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातील बिघाडाचा विकार) साधारण कोणत्या वयात सुरू होतो आणि त्याचे निदान कसे होते?

आयबीएसचा त्रास बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून चाळिशीपर्यंत सुरू होतो. काहींना तो जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर जडतो.

निदानासाठी २०१६ चे 'रोम ४' हे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेले निकष वापरतात. त्यांनुसार गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी किमान १ दिवस पोट दुखत असावे आणि त्या दुखण्यासोबत शौचाशी संबंध, शौचाच्या वारंवारतेत बदल व मलाच्या स्वरूपात बदल यांपैकी किमान २ गोष्टी आढळाव्यात. शिवाय त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची असावी. सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणून अनेकांना 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगून परत पाठवले जाते, हे मला अन्यायाचे वाटते, कारण या विकारात आतड्याची रचना नव्हे, तर त्याचे काम बिघडलेले असते. हिमोग्लोबिन, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी), सीलिॲकची (गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) रक्ततपासणी आणि जुलाब असल्यास मलातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारे प्रथिन) एवढ्या मोजक्या चाचण्या बहुतेक तरुण रुग्णांना पुरतात.

मात्र शौचातून रक्त, कारणाविना घटणारे वजन, ॲनिमिया, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास पोटविकारतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे आणि त्यांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) सुचवल्यास ती टाळू नये.