धडधडीची गोळी घरीच सुरू केली तर चालंल का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आम्ही परभणी जिल्ह्यातले. वडील 64 वर्षांचे, त्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे म्हणजे ठोके एकदम बेताल पडतात. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सोटालॉल लिहून दिली पण म्हणले 3 दिवस ॲडमिट करूनच सुरू करू. शेजारच्या काकांना अमिओडॅरोन ओपीडीतच दिली, ते मस्त हिंडतायत. वडील म्हणतात एका गोळीसाठी काहून दवाखान्यात पडू, कापूस वेचायला आलाय. काय करावं?

उत्तर: दादा, ॲडमिट करा, कापूस 3 दिवस थांबंल. ठोके ताळ्यावर आणणारं हे औषधच कधीकधी नवा आणि जास्त वाईट बिघाड करतं. ईसीजीत क्यूटी म्हणून एक अंतर असतं, ठोका पडल्यावर हृदयाचे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जो वेळ घेतात तो त्यात दिसतो, सोटालॉल ते अंतर लांबवते आणि ते 500 मिलिसेकंदांच्या पुढं गेलं की माणूस बोलता बोलता कोसळू शकतो. हा धोका सुरुवातीच्या दिवसांत आणि डोस वाढवताना जास्त. दवाखान्यात डोसनंतर ईसीजी काढतात, मॉनिटर लावलेला असतो, शॉक द्यायचं मशीन हाताशी असतं. गावात रात्री 2 वाजता 108 ला फोन लावून गाडी येईपर्यंत एवढा वेळ मिळत नाही हो. काही ठिकाणी निवडक पेशंटला मॉनिटर लावून बाहेरही सुरू करतात, पण ते ठरवणार डॉक्टर, आपण नाही.

ही गोळी किडनीतून बाहेर पडते म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) बघतात, आणि रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असलं की हा धोका वाढतो म्हणून तेही बघतात. दमा असेल तर तेही सांगा.

काकांची गोष्ट वेगळी. अमिओडॅरोनही क्यूटी लांबवते पण तिच्यात ठोक्यांचा असा नवा बिघाड क्वचित होतो, म्हणून ती बऱ्याचदा बाहेरूनच सुरू करतात. मात्र ती शरीरात महिनोन्महिने राहते आणि थायरॉईड, लिव्हर, फुप्फुसाला त्रास देऊ शकते, त्यांनी दर 6 महिन्यांनी थायरॉईड आणि लिव्हरची टेस्ट केली का विचारा, वॉरफरीन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची टेस्ट) तर नक्कीच, कारण दोन्ही गोळ्या सोबत घेतल्या की रक्त जास्त पातळ होतं.

घरी आल्यावरही उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की पोटॅशियम उतरतं, लगेच डॉक्टरांला फोन करा, गोळी मनानं बंद करू नका. आणि सर्दी-खोकल्याला मेडिकलवरून ॲझिथ्रोमायसिन घ्यायची आपल्याकडं लई सवय आहे, वडिलांला ती देऊ नका, तीपण क्यूटी लांबवते. ॲडमिट होताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, गुडघ्याच्या आणि लघवीच्यासुद्धा.