हातातल्या बॅगेत काय नको? वाचकांचे प्रश्न

विमानप्रवासाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर बहुतेक पत्रं बॅगेबद्दलचीच आली. सगळी इथे मावणार नाहीत म्हणून चार निवडली, पहिल्याचं उत्तर लांबलंय पण ते लांबणारच होतं.

प्रश्न: ताई, माझी लेक दुबईला असते. पहिलं बाळंतपण आहे म्हणून मी पुढच्या महिन्यात मुंबईहून तिच्याकडे चाललेय, एकटी आणि पहिल्यांदाच विमानात. डिंकाचे लाडू, दोन किलो साजूक तूप, जावयांना आवडतं म्हणून लिंबाचं लोणचं, थोडं सुकं खोबरं, खसखस, आणि निघताना जाऊबाई ओटी भरतील ते, एवढं न्यायचंय. मोठी बॅग हरवते असं ऐकलं म्हणून सगळं हातातल्या बॅगेतच ठेवू का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर: काकू, सगळ्यात आधी ती खसखस बाजूला काढा. हातातल्या बॅगेतून नाही, सामानातूनच काढा. यूएईमध्ये, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, खसखशीवर बंदी आहे, ती तिकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि आपल्याकडे वाण्याकडे सुटी मिळते हे तिथे सांगून काही उपयोग होत नाही. आता खरी गोम अशी की डिंकाच्या लाडवात आपण खसखस भाजून घालतोच, अनारशाला तर खाली लावतोच, आणि बाकरवडीतही असते. म्हणून लाडू अजून वळले नसतील तर खसखस न घालता वळा, खारीक, डिंक, बदाम, अळीव यांनी काम भागतं. वळून झाले असतील तर ते घरीच खा आणि लेकीसाठी दुसरे करा, एवढं माझं ऐकाच.

ओटीचं पण बघायला हवं. विड्याची पानं दुबईत नेता येत नाहीत, पान आणि पानाचं सामान तिथे मनाईच्या यादीत आहे. आणि नारळ आपल्याकडेच अडतो, कारण अख्खा नारळ एरवी केबिनमध्ये, म्हणजे हातातल्या सामानात, नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला नारळ सोबत नेता यावा म्हणून २०२२ मध्ये आणि परत २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने खास परवानगी काढली होती, तीसुद्धा २० जानेवारीपर्यंतचीच, त्यावरूनच नियम किती पक्का आहे ते कळतं. माझ्या बाबतीत झालंय हे. आईने उंबऱ्यात ओटी भरली, मी तशीच पर्समध्ये टाकली आणि एक्स-रेच्या पट्ट्यावरून ट्रे पुढे आला तेव्हा तपासणीतल्या ताईंनी नारळ वर काढला, शेंडीला कुंकू लागलेलं होतं, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सॉरी म्हणाल्या. मला रडू आलं. तेव्हापासून आमच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी ओटी भरतात, नारळ घरातच देवापुढे ठेवते आणि तांदळातले चार दाणे पुडीत बांधून सोबत घेते. तुम्हीही जाऊबाईंना तसं सांगून बघा, कुणाचं मन मोडत नाही.

सुकं खोबरं चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेतही चालत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र नंबर आहे, १३६३. वाट्या नेऊ नका, दुबईत हवं तेवढं खोबरं मिळतं. लाडवात किसून भाजून घातलेल्या खोबऱ्यावरून कुणाला अडवलेलं मी तरी बघितलं नाही.

तूप आणि लोणचं मात्र मोठ्या बॅगेतच. परदेशी जाताना पातळ किंवा थलथलीत काहीही हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यात चालत नाही, आणि ते छोटे डबेही एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसले पाहिजेत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला त्यानंतर हे सुरू झालं. यात डब्याचा आकार धरतात, आतलं किती उरलंय ते नाही, म्हणजे २०० मिलीची अर्धी संपलेली टूथपेस्टसुद्धा काढून घेतात. मध, काकवी, श्रीखंड, ओली चटणी सगळं यातच आलं. तूप थिजवून घ्या, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा, दोन झिपच्या पिशव्यांत घालून साड्यांच्या मधोमध ठेवा. दुपटी शिवायला कात्री घेणार असाल तर तीही मोठ्या बॅगेतच.

बॅग हरवायची भीती बरोबर आहे, म्हणून हातात काय हवं ते सांगते: पासपोर्ट, व्हिसा, तुमची औषधं चिठ्ठीसकट, चष्मा, दागिने, एक साडी. खोकल्याच्या औषधात कोडीन किंवा दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल नाही ना ते डॉक्टरांना विचारा, तिकडे या औषधांना आधी परवानगी लागते. आणि सोडायला येणाऱ्यांना सांगा की माझी तपासणी होऊन फोन येईपर्यंत गेटवरून हलू नका, काही अडलंच आणि वेळ असला तर ती वस्तू घरी परत जाऊ शकते, नाहीतर तिथल्या पेटीत पडते.

प्रश्न: नागपूरहून बेंगळुरूला जाताना माझं नाव पुकारलं, चेक-इनची बॅग उघडायला लावली आणि पॉवर बँक बाहेर काढून हातात दिली. धोकादायक आहे तर मग केबिनमध्ये कशी काय चालते? लॉजिक कळलं नाही. (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: अरे, चाकू किंवा कात्री केबिनमध्ये नको कारण माणूस त्याचं काही करू शकतो. बॅटरीचं उलटं आहे, ती स्वतःच पेटू शकते, आणि पेटलीच तर खाली सामानाच्या कप्प्यात कुणाला लवकर कळणार नाही, वर मात्र धूर दिसतो आणि क्रू लगेच धावतो. म्हणून पॉवर बँक, लॅपटॉपच्या किंवा कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या कायम हातातच. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला उड्डाणाआधीच एका विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली, विमान जळालं, माणसं सगळी बाहेर आली, आणि संशय पॉवर बँकेवर होता. त्यामुळे वर टाकू नकोस, सीटच्या खाली किंवा खिशात ठेव, आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करू नकोस.

मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं ते माप. हिशोब सोपा, पॉवर बँकेवर छापलेला एमएएचचा आकडा भागिले हजार गुणिले ३.७, म्हणजे २०,००० वाली ७४ होते, चालते. ३०,००० वाली १११ होते, तिला एअरलाइनची परवानगी लागते, आणि १६० च्या वर काहीच चालत नाही. छापलेले आकडे पुसले गेले असतील तर नवीनच घे, कारण न वाचता येणारी ठेवून घेऊ शकतात. अजून एक, विमान भरलं की कधीकधी दारातच हातातली बॅग मागून घेऊन खाली टाकतात, तेव्हा घाईत पॉवर बँक काढायची हमखास राहते, तेवढी लक्षात ठेव.

प्रश्न: बाबा ७८ वर्षांचे, गोव्याहून पुण्याला विमानाने येणार. पानाची चंची, अडकित्ता, काठी आणि इन्सुलिन कायम जवळ लागतं. काय करू? (एक मुलगी, पुणे)

उत्तर: अडकित्ता धारेचा, तो मोठ्या बॅगेत जाऊ द्या, आणि मोठी बॅग नसेल तर सुपारी कातरून डबीत भरून द्या, जुना पितळी अडकित्ता गमवायची वस्तू नाही. चंचीत काडेपेटी किंवा लायटर नाही ना ते तुम्ही स्वतः बघा, आपल्याकडे ते कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, पूजेचा कापूरसुद्धा नाही. इन्सुलिन मात्र हातातच ठेवायचं, मोठ्या बॅगेत टाकलं तर गोठून वाया जाऊ शकतं, पेन आणि सुया डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत एका पिशवीत ठेवा आणि तपासणीला आधीच दाखवायला सांगा. काठी एक्स-रेतून जाऊन परत मिळते, तोवर बसायला मागावं, लाजू नये. व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवलीत तर फार बरं.

प्रश्न: न्यू जर्सीला मुलाकडे जातेय. गोडा मसाला आणि मेतकूट हातात नेलं तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नको. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३० जून २०१८ पासून ३५० मिलीच्या वरची पूड हातातल्या बॅगेत असली की वेगळी तपासणी होते आणि शंका राहिली तर ती ठेवून घेतात. ३५० मिली म्हणजे शीतपेयाचा एक कॅन, त्यात मेतकूट कितीसं मावणार! मोठ्या बॅगेत घाला, डब्यावर नाव लिहा, आणि उतरल्यावर कस्टम्सला खाण्याचं सामान आहे असं स्वतःहून सांगा.