शिडाच्या बोटीवर विज्ञान करायचंय, काय न्यावं?

प्रश्न: आम्ही तिघं मित्र शिडाच्या बोटीने चार महिन्यांच्या सफरीवर निघतोय. नुसतं फिरून येण्यापेक्षा शास्त्रज्ञांच्या कामी येईल असं काहीतरी मोजून आणावं असं वाटतं, पण तिघांपैकी कोणीच विज्ञान शिकलेलं नाही. प्लँक्टनची जाळी, मायक्रोस्कोप, बाटल्या, काय काय घ्यावं?

उत्तर: पहिल्या सफरीला यातलं काहीच घेऊ नका. फक्त एक सेक्की डिस्क घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी गोल थाळी, खाली वजन, वर दोरीसारखी बांधलेली मोजपट्टी, बस. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या खगोलशास्त्रज्ञ पाद्रीने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशाच थाळ्या सोडून पाणी किती स्वच्छ आहे ते मोजलं होतं. घरीसुद्धा बनवता येते.

थाळी कुठल्या खोलीवर दिसेनाशी होते त्यावरून पाण्यात वनस्पती-प्लँक्टन, म्हणजे तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव, किती आहे याचा अंदाज येतो, आणि समुद्रातलं जवळजवळ सगळं जीवन शेवटी त्याच्यावरच उभं आहे. २०१३ पासून खलाशांकडून जगभरची अशी मापं गोळा करायचा एक प्रकल्पच चालू आहे, त्याचं सेक्की अ‍ॅप आहे, नेटवर्क नसलं तरी नोंद होते आणि नंतर पाठवता येते.

आता खरी गोष्ट, मोजायचं कसं. सकाळी १० ते दुपारी २ च्या मध्ये, किनाऱ्यापासून लांब, कारण किनाऱ्याजवळ गाळामुळेही पाणी गढूळ असतं. बोट थांबवा, इंजिन न्यूट्रलला, दोरी पंख्यात गेली तर विज्ञान राहू दे, सफरच संपेल. गॉगल काढा. थाळी सोडली की आधी पांढरीशुभ्र दिसते, मग हिरवट किंवा निळसर होते, मग तिची कडच कळेनाशी होते आणि नुसता एक फिकट ठिपका राहतो, तो दिसेनासा झाला की तिथेच दोरी धरा आणि पाण्याच्या पातळीला आकडा वाचा. दोरी तिरकी गेली असेल तर खोली उगाच जास्त येते, मग वजन वाढवून परत करा. प्लँक्टनने भरलेल्या पाण्यात थाळी काही मीटरवरच गायब होते, भर समुद्रात ४० मीटरसुद्धा जाते, म्हणून मोजपट्टी ५० मीटरची घ्या.

मला विचाराल तर सगळी किंमत सातत्याला आहे. एकोणिसाव्या शतकात मॅथ्यू मॉरी या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने जहाजांच्या लॉगबुकमधून वारे आणि प्रवाहांचे नकाशे काढले, आणि १८५३ मध्ये ब्रसेल्सला खास परिषद भरली ती सगळ्यांनी एकाच पद्धतीने नोंदी कराव्यात म्हणून. तुमचंही तेच. कंटाळा आला, ऊन आहे, कालच्यासारखाच आकडा येणार असं वाटतंय, तरी थाळी टाकाच, कारण कालच्यासारखा आकडा हीसुद्धा माहिती आहे.

हंपबॅक व्हेल दिसला तर शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो काढा, तिथली काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि हॅपीव्हेल या वेबसाइटवर तो फोटो टाकला की तोच प्राणी आधी कुठे दिसला होता तेही कळू शकतं. फक्त फोटोसाठी त्याच्या मागे लागू नका.

जाळी पुढच्या वेळी. दुसऱ्या देशाच्या २०० सागरी मैलांच्या क्षेत्रात संशोधन करायचं तर त्या देशाची परवानगी लागते, त्यामुळे नमुने गोळा करायच्या आधी ज्या संस्थेला ते देणार तिच्याशी बोला. आणि निघायच्या आधी नांगर टाकून तिघांनीही आपापलं माप घ्या, दुसऱ्याचा आकडा न ऐकता, म्हणजे तिघांचे आकडे जुळतात का ते कळेल.