फोंड्यात घरच्या शेडमध्ये जुनी विलीज सीजे-३बी जीप दुरुस्त करायची आहे. सुरुवात इंजिनापासून करू का?

नको, आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि पत्रा बघा. २.२ लिटरचं हरिकेन इंजिन साधं आणि दणकट आहे, ते थांबेल. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत पत्रा मात्र थांबत नाही. फ्लोअरच्या खाली आडव्या पोकळ पट्ट्या असतात, त्यांच्यात चिखल साचून त्या आतून कुजतात आणि वरून रंग छान दिसत राहतो. स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेलं, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. पुट्टी भरून झाकू नका, अगदी कळकळीने सांगतो. पावसाळ्यात घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा.

चाकं काढताना एक लक्षात ठेवा: या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट सहसा उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, तुटेल.

इंजिन बरीच वर्षं बंद असेल तर थेट स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवा.

कागदपत्रंही आत्ताच तपासा. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणून डिझेल इंजिन बसवायचा मोह टाळा.