अमेरिकेत नवरा-बायको दोघांच्या नोकरीचा इन्शुरन्स असेल तर औषधांसाठी आधी कोणाचं कार्ड द्यायचं?

तुम्ही दोघांनी एकमेकांना आपापल्या कंपनीच्या प्लॅनवर घेतलंय आणि मिस्टरांच्या डायबेटिसच्या औषधाला तुमचं कार्ड आधी दाखवलं तर चालेल का, असं विचारलंय. नाही चालत. हा क्रम आपल्या हातात नसतो. ज्याच्या त्याच्या नोकरीचा प्लॅन त्याला प्रायमरी, म्हणजे आधी पैसे देणारा, आणि जोडीदाराचा सेकंडरी, म्हणजे नंतर देणारा. मुलांना आई-वडिलांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन प्रायमरी. जन्मसाल बघत नाहीत.

मी न्यू जर्सीत फार्मसीच्या काउंटरवर काम करते. दोन्ही कार्डं एकदमच द्या, प्रायमरी कोणतं तेही सांगा. आम्हाला दोन्ही कार्डांवर छापलेले बिन, पीसीएन, ग्रुप आणि मेंबर आयडी हे नंबर लागतात. स्क्रीनवर ४१ नंबरचं रिजेक्शन आलं, तर त्या इन्शुरन्सच्या नोंदीत ‘यांचा प्रायमरी दुसरीकडे आहे’ असं असतं. ती नोंद आम्हाला बदलता येत नाही, फोन तुम्हालाच करावा लागतो. काही प्लॅन काउंटरवर सेकंडरी घेतच नाहीत, मग क्लेम फॉर्म भरून पाठवायचा. त्याला नुसती पैसे भरल्याची पावती चालत नाही. औषधाच्या पिशवीला लावलेला, एनडीसी नंबर (त्या औषधाचा ओळख क्रमांक) असलेला कागद लागतो. तो कृपा करून फेकू नका.

पण खरा प्रश्न सेकंडरी किती देणार हा आहे, आणि तो कोणी विचारतच नाही. समजा औषध १०० डॉलरचं आहे, प्रायमरीने ७० दिले. साधा नियम असेल तर सेकंडरी उरलेले ३० पर्यंत देऊ शकतो. पण प्लॅनमध्ये ‘नॉन-डुप्लिकेशन’चं कलम असेल, तर तो एकटा असता तर किती दिले असते ते बघतो. ८० दिले असते, तर आता फक्त १० देईल. त्याचेही ७०च असतील, तर एक सेंटही नाही! लोक वर्षभर दोन-दोन हप्ते भरतात आणि काउंटरवर हे कळतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ओपन एनरोलमेंटच्या (वर्षातून एकदा प्लॅन निवडायच्या मुदतीच्या) आधी दोन्हीकडच्या एचआरला या कलमाबद्दल ईमेलवर विचाराच. जोडीदाराला स्वतःच्या नोकरीत इन्शुरन्स मिळत असताना इकडे घेतलं, तर काही कंपन्या वेगळा सरचार्जही लावतात, तोही विचारून घ्या.

आणि तुमच्यापैकी कोणी एचएसएमध्ये (आरोग्यखर्चासाठीच्या, टॅक्स वाचवणाऱ्या बचत खात्यात) पैसे टाकत असेल, तर जोडीदाराच्या साध्या, हाय-डिडक्टिबल (आधी मोठी रक्कम स्वतः भरावी लागते असा) नसलेल्या प्लॅनवर नाव असताना ते टाकता येत नाहीत. नाव घालण्याआधी हे बघा.